शालनचं ‘वी’

दुपारचे दोन वाजून गेलेत. डब्यातलं जेवून, डबा विसळून मी पलंगावर आडवा झालोय. झोपायचं नाही. चार वाजता मादाम येणार आहे आणि तोवर मला एक शब्द तोंडात पक्का बसवायचा आहे. सी. डोळे मिटून मी म्हणतो, सी. वर पंखा फिरतोय. सी. पंख्याची कुरकुर आणि शब्द एकात एक जायला लागतात. झोप लागतेय हे मला कळतंय. मी उठत नाही.

शब्द फ्रेंच आहे. मी फ्रेंच शिकलेला माणूस नाही, भोसरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं लेथ चालवली. पण माझी बायको शालन बाणेरला एका फ्रेंच बाईकडे सहा वर्षं स्वयंपाकाला होती. तीच ही मादाम ओदिल. तिला मराठी येत नव्हतं, हिंदी मोडकंतोडकं. मग शालनने तिचंच हो-नाहीपुरतं फ्रेंच उचललं आणि रोज संध्याकाळी घरी येऊन मला ऐकवलं. वी म्हणजे हो. नों म्हणजे नाही. दाकोर म्हणजे ठीक आहे. "डाकोरचा रणछोडराय लक्षात ठेवा, मग विसरणार नाही." पतेत्र म्हणजे कदाचित. आणि खांदे वर करून, ओठ पुढे काढून ‘बॉफ’ म्हटलं की त्याचा अर्थ असाही होतो आणि तसाही होतो, आपण काही सांगितलं नाही एवढंच नक्की. "पण त्यांच्यात नको नाही हो," ती म्हणायची. "भाजी नको असली तरी नाहीच म्हणतात. एवढी शिकलेली माणसं आणि नकोला शब्द नाही."

सी सगळ्यात शेवटी कळला. मादामची लेक पाच वर्षांची होती. "तू हात धुतले नाहीस?" असं आईने विचारलं की पोरगी ओरडायची, सी. म्हणजे, धुतलेत की. समोरच्याने नाही घालून विचारलं तर त्याचं नाही खोडून काढायला त्यांनी हा वेगळा शब्द ठेवलाय.

आज मादाम मला जे विचारणार आहे त्यातही असं ‘नाही’ आहे. माझी मुलगी वृषाली तिच्याशी फोनवर इंग्रजीत बोलली, तिने ते वाक्य मला आधीच सांगून ठेवलंय. वू न मां वुले पा? तुमचा माझ्यावर राग नाही ना? नों म्हटलं तर नाही. सी म्हटलं तर आहे.

"नों म्हणा आणि मोकळे व्हा बाबा," वृषाली म्हणाली. "आईने कधी कुणावर डूख धरला नाही. तिला आवडलं नसतं हे."

मी बघू म्हणालो.

"तुमचं बघू म्हणजे नाहीच असतं," ती म्हणाली आणि मादामला आणायला गेली.

सी.

पायाशी गादी खचते. शालन येऊन बसली आहे. ती जाऊन दीड वर्ष झालं हे मला झोपेतही पाठ आहे. कामावर नेसायची ती निळी साडी, पदर कमरेला खोचलेला.

"काय पुटपुटताय मघापासून?"

"सी."

"शी म्हटल्यासारखं येतंय. जीभ दातांना लावा." ती उठते. "चला. मला उशीर होतोय."

मी चपला शोधतो तोवर आम्ही लिफ्टमध्ये आहोत. बाणेरच्या त्या इमारतीची लिफ्ट मी कधी पाहिलेली नाही, म्हणून ती आमच्या खोलीएवढीच आहे. आमचंच कॅलेंडर लावलंय, आमचाच पाण्याचा पिंप कोपऱ्यात. लिफ्ट वर जाते तसं पिंपातलं पाणी डुचमळतं. शालन पाठ टेकून उभी आहे.

"तब्येत उतरली तुमची."

"डबा येतो. बेचव असतो."

"मग भांडा की डबेवालीशी. तुम्हाला भांडायला कधी जमलंय."

दार उघडतं ते मादामच्या स्वयंपाकघरात. पांढरा ओटा, पांढऱ्या फरशा. मादाम आमच्याकडे पाठ करून उभी आहे. ती वळते तरी मला पाठच दिसते, कारण मी तिला आजवर पाहिलेलं नाही. शालन परातीत कणीक मळायला घेते. त्या दिवशी ती हेच करत होती.

"त्यू ना पा प्री ला बाग?" मादामची पाठ विचारते.

"बाग म्हणजे अंगठी," शालन मला सांगते. हात थांबलेले नाहीत. "आपल्याकडे बागेत झाडं असतात, त्यांच्यात खडा. तू अंगठी घेतली नाहीस, असं विचारतेय."

"माहितीये मला. शालन, नों म्हण. या वेळी नों म्हण."

"वी, मादाम," शालन म्हणते.

एवढंच झालं होतं. आपल्यात कुणी विचारलं, तू घेतली नाहीस ना, तर आपण हो म्हणतो. हो, नाही घेतली. शालनने मनातला हो घेतला आणि त्याचं वी केलं. मादामने वी ऐकलं आणि तिला वाटलं, बाईने कबूल केलं. तिने एकदाच विचारलं. वी म्हणजे काय, एवढं तिने पुन्हा विचारलं नाही. सहा वर्षं जिच्या हातचं खाल्लं तिला दुसऱ्यांदा विचारायला श्वासभर वेळ लागला असता.

पांढऱ्या फरशा पायाखाली काळ्या होतात आणि आम्ही इमारतीच्या फाटकात उभे आहोत. शालनची पिशवी उघडून टेबलावर पालथी केली आहे. रिकामा डबा, छत्री, हात पुसायचं फडकं, रक्तदाबाच्या गोळ्या, तिच्या भाचीच्या लग्नाची पत्रिका. पहारेकरी एकेक वस्तू उचलून झटकतो. शेजारच्या इमारतीतल्या कामाच्या बायका उभ्या आहेत, ड्रायव्हर उभे आहेत. फाटकाला शालनचा फोटो चिकटवलाय. खाली लिहिलंय, प्रवेश नाही.

"फोटो तरी बरा लावायचा," शालन म्हणते. "ओळखपत्रातला लावला. त्यात माझा एक डोळा मिटलाय."

तो फोटो तिथे महिनाभर होता. त्या रस्त्यावरच्या एकाही घराने तिला पुन्हा कामाला घेतलं नाही. चौदा महिने ती घरात बसली, दाराची कडी आतून लावून. कुणाकडे हळदीकुंकवालाही गेली नाही. मग एका सकाळी चहा गाळता गाळता खाली बसली ती उठली नाही. डॉक्टरांनी कागदावर हृदय लिहिलं. मला लिहायला दिलं असतं तर मी मादाम ओदिल लिहिलं असतं.

अंगठी सापडली. तिच्या देशात, थंडीच्या कोटाच्या अस्तरात. खिशाला भोक होतं. तोवर शालनला जाऊन वर्ष होत आलं होतं.

"आता येतेय माफी मागायला," मी म्हणतो. आम्ही अजून फाटकात आहोत, पण माणसं निघून गेलीत. शालन एकेक वस्तू पिशवीत भरतेय. "मी सी म्हणणार आहे. तोंडावर. तुला चालेल ना?"

ती खांदे वर करते. "बॉफ."

"बॉफ काय? मी आठ दिवस तो एक शब्द घोकतोय."

"सी म्हणून काय होणार?"

"तिला कळेल."

"कळलं की झालं तिचं." शालन छत्रीची मूठ फडक्याने पुसते. "रडेल जराशी. मग विमानात बसेल, मैत्रिणीला सांगेल, मी एवढ्या लांब गेले, पण त्यांनी मला माफ केलं नाही. मैत्रीण म्हणेल, तू तुझ्याकडून केलंस ना. आणि मग तिला भूक लागेल. रडून झालं की तिला भूक लागते, मला माहितीये. मीच करून द्यायचे, अंड्याचं काहीतरी."

"मग नों म्हणू?"

आता ती माझ्याकडे बघते. "नों म्हटलंत तर मी पुन्हा यायची नाही."

"वृषाली म्हणते, आईला राग आवडला नसता."

"वृषालीला शाळेत असल्यापासून दुसऱ्यांची भांडणं मिटवायची खोड आहे. हे माझं आहे. तिला म्हणावं, याला हात लावू नकोस."

ती असं बोलते आणि मला बरं वाटतं. दीड वर्ष जो येतो तो मला सांगून जातो की शालन म्हणजे गाय होती. कुणाला उलट बोलली नाही. फोटोला हार घालतात आणि सांगतात. मी मान हलवतो. ही माझ्यासमोर उभी आहे ती गाय नाही. हिचे डोळे मला ओळखीचे आहेत.

फाटकाच्या आत गेलं की भोसरीची आमची शेड आहे. वरती पट्टे फिरतायत, लोखंडाचा कीस खाली पडलाय, आणि माझ्या लेथवर शालनने परात ठेवलीय. ती पुन्हा कणीक मळतेय.

"अगं, तेल लागेल त्याला."

"तुमच्या डब्याला रोज हाच वास यायचा. मी काही म्हटलं?" ती पिठात पाणी घालते. "ऐका. वी म्हणा."

"वी म्हणजे हो."

"बरं. हो म्हणजे काय?"

"हो म्हणजे... हो, राग..." मी थांबतो. हो, राग आहे. हो, राग नाही. दोन्ही बसतात.

"बघा. तुम्हालाच अडलं." तिच्या तोंडाच्या एका कडेला हसू येतं. पत्त्यात हुकूम हाती आला की यायचं तसं. "ती विचारेल, राग नाही ना? तुम्ही म्हणायचं, वी. मी म्हटलं होतं तेच, तसंच. आणि मग गप्प बसायचं. विचारू दे तिला, वी म्हणजे काय."

"आणि विचारलं तर?"

"वी."

"परत विचारलं तर?"

"परत वी. तिकडे जाऊन जेवायला बसली तरी तिच्या डोक्यात ते फिरत राहिलं पाहिजे. वी म्हणाला म्हणजे काय म्हणाला. माफ केलं म्हणाला, का नाही केलं म्हणाला."

मला हसू येतं. खूप दिवसांनी पोटातून येतं. मला मादाम दिसते, अजून पाठच, विमानात बसलेली, शेजारच्याला विचारणारी. घरात, बाजारात, पलंगावर, विचारणारी. सी म्हणजे सुरी होती, एकदा लागली असती आणि झालं असतं. हे तसं नाही. हे दातात अडकलेलं राहील. मी लेथला हात टेकून हसतो आणि शालन मळता मळता हसते. वरचे पट्टे जोरात फिरायला लागतात.

मग ती हसायची थांबते.

"तुम्हीही विचारलंत," ती म्हणते.

पट्टे बंद पडतात. शेड नाही. आमची खोली आहे, ट्यूबलाइट लावलीय, बाहेर अजून थोडा उजेड आहे. ती दारात उभी आहे, हातात पिशवी. साडेसहा वाजलेत. त्या दिवशी ती साडेसहालाच आली होती आणि चपला न काढता मला सगळं सांगितलं होतं. मी ऐकून घेतलं होतं. मग मी विचारलं होतं. आत्ता मी पलंगाच्या कडेवर बसलोय आणि मला माझा आवाज ऐकू येतो. शालन, तू घेतली नाहीस ना?

"हो," ती दारातून म्हणते. तेव्हा म्हणाली होती तसंच. मग ती आत गेली होती आणि तिने भाकऱ्या केल्या होत्या.

हे मी वृषालीला सांगितलेलं नाही. कुणालाच नाही.

"मला तुझा हो बरोबर कळला होता," मी म्हणतो. "मी एक क्षण सुद्धा..."

"कळला होता. पण विचारलंत."

"नुसतं विचारलं, शालन."

"तिनेही नुसतंच विचारलं होतं."

ती चपला काढून आत येते आणि माझ्यासमोर खाली बसते. परात तिच्या मांडीवर आहे. तिची बोटं कणकेत फिरतायत, एकसारखी. मला तिचा हात धरायचाय पण तो कणकेत आहे.

"त्यानंतर चौदा महिने आपण एका खोलीत राहिलो," मी म्हणतो. "तू एकदाही हे काढलं नाहीस."

"तुम्ही काढलंत?"

मी काढलं नाही. रोज वाटायचं की आज बोलू. मग जेवण व्हायचं, दिवा मालवायचो, ती भिंतीकडे तोंड करून झोपायची. आधी ती माझ्याकडे तोंड करून झोपायची का, हे आठवायचा मी प्रयत्न करायचो.

"शालन," मी म्हणतो. "तुझा माझ्यावर राग नाही ना?"

बोलून गेल्यावर मला कळतं मी कसं विचारलंय. ती परात खाली ठेवते. पुढे सरकून ती माझा चेहरा धरते, एका गालावर अंगठा, दुसऱ्या गालावर चार बोटं, कणकेसकट. हात गार आहे. ती इतक्या जवळून बघते की तिच्या नाकावरचा देवीचा वण दिसतो. तो मी विसरलो होतो.

"वी," ती म्हणते.

"म्हणजे? आहे का नाही?"

"वी."

"असं नको करू. मला नीट सांग. मराठीत सांग."

"ओठ आधी शीळ घालताना करतात तसे," ती म्हणते आणि गाल आवळते. "हं. आता सोडा, कानापर्यंत. वी."

"शालन."

"म्हणा माझ्यामागून."

"वी," मी म्हणतो.

"दाकोर," ती म्हणते. ठीक आहे. भोसरीचा भोंगा होतोय, बारीक आवाजात, थांबून थांबून. "उठा. आली ती."

बेल वाजतेय.

मी पलंगावर आहे. पंखा फिरतोय. घड्याळात चार वाजून पाच मिनिटं. मी उठतो, तोंडावर पाणी मारायला मोरीत जातो आणि आरशात बघून हात खाली घेतो. माझ्या उजव्या गालावर एक बोट उमटलंय आणि डाव्यावर चार. कणीक आहे. कडेने वाळायला लागली आहे, मधे अजून ओली. मी एका बोटाला हात लावतो तर चिकटतं. घरात पीठ नाही. शालन गेली त्या महिन्यात वृषाली पिठाचा डबा तिच्याकडे घेऊन गेली, पोरकिडे होतील म्हणून.

मी तोंड धूत नाही. दार उघडतो.

वृषाली आहे आणि तिच्यामागे मादाम. तिला चेहरा आहे. पन्नाशीची, बारीक, नाक उन्हाने लाल झालेलं. खाली रस्त्यात भेटली असती तर ओळख न पटून मीच तिला आमचा जिना कुठे आहे ते दाखवलं असतं. तिने चपला बाहेर काढल्यात.

"बाबा, गालाला काय लागलंय?" वृषाली दबक्या आवाजात म्हणते.

"बसा," मी म्हणतो.

मादाम बसत नाही. ती भिंतीवरच्या शालनच्या फोटोकडे बघते. हा चांगला आहे, दोन्ही डोळे उघडे आहेत. मग ती माझ्याकडे वळून हात जोडते. तिने वाक्य बरंच घोकलं असणार, मी घोकलं तसंच.

"वू न मां वुले पा?"

तिच्या मागून वृषाली ओठ हलवून मला सांगते, नों.

"वी," मी म्हणतो.

मादामचे डोळे भरतात. ती मान हलवायला लागते, आणि अर्ध्यात थांबते. "वी?"

"वी, मादाम."

ती वृषालीकडे बघते. वृषाली माझ्याकडे.

"बाबा, हो म्हणजे काय? आहे का नाही?"

मला माहीत असतं तरी सांगितलं नसतं, आणि आता तर मला माहीतही नाही. मादाम एक पाऊल पुढे येते. तोच प्रश्न ती पुन्हा विचारते, हळू, एकेक शब्द सुटा करून, आणि सगळा वेळ माझ्या तोंडाकडे बघते, गालावरच्या बोटांकडे बघते. दुसऱ्यांदा विचारतेय ती. येतं तिला दुसऱ्यांदा विचारायला.

"वी."

तिसऱ्यांदा विचारताना ती माझी बाही धरते. मी ओठ आधी शीळ घालताना करतात तसे करतो, मग कानापर्यंत सोडतो. वाळलेली कणीक कातडीला धरून ताणली जाते, डाव्या गालावर चार ठिकाणी, उजव्यावर एके ठिकाणी.